खुशी बऱ्हाणपुरे कोणत्या राज्याची?

जयवंताबाई जाऊन तीन महिने झाले होते. पण घरातला कोणता कागद कुठं आहे हेही त्या सोबत घेऊन गेल्या, हे त्यांच्या नवऱ्याला, पंजाबराव बऱ्हाणपुरे यांना, मंगळवारी सकाळी कळलं.

त्यांची नात खुशी चाकांच्या बुटांवर फिगर स्केटिंग करायची. एका पायावर अशी गिरकी घ्यायची, की अमरावतीत बघणाऱ्यालाच भोवळ यायची. राज्याच्या संघात तिची निवड झाली आणि अकोल्याहून विभागीय सचिवांचा फोन आला. "आडनाव बऱ्हाणपुरे, जन्मबी बऱ्हाणपूरचा. पोरगी एमपीची दिसते. आज पाचच्या आत महाराष्ट्राचा पुरावा आना, नाही तं नाव कटते."

जन्माचं खरं होतं. सुनेचं माहेर बऱ्हाणपूरचं, आणि पहिलं बाळंतपण माहेरीच, हा जयवंताबाईंचा कायदा.

"आबा, आजी जुने कागद कुठी ठेवे?"

"तिलेच मालूम. मले तं माहे मोजेबी तीच काढून दे."

कपाट झालं, पेटी झाली, देव्हारा झाला. दोन तासांनी दाखले सापडले ते कुरडयांच्या डब्यात. कुरडया जयवंताबाईंच्याच हातच्या होत्या. पंजाबराव डबा मांडीवर घेऊन बसून राहिले.

"आबा, चाला नं. गाडी निंगून जाईन."

अकोल्यात सचिव भगवंतराव चिंचोळकर यादी घेऊन बसले होते. पोरी फिरतात कशा, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. आडनावं मात्र बारकाईनं वाचली होती. यादीतली अलीझा तेल्हारावाला पास झाली होती, कारण तेल्हारा अकोला जिल्ह्यातच आहे.

पंजाबरावांनी वडिलांचा दाखला पुढं केला. "मध्यप्रांत व वऱ्हाड," सचिवांनी वाचलं. "हे राज्यच आता नाही."

दुसरा पंजाबरावांचा, पहिलीतला, १९५५चा. "जिल्हा अमरावती, मध्य प्रदेश! पाहा, तुमीबी तिकडचेच निंगाले."

तिसरा चौथी पासचा, १९५९चा. "मुंबई राज्य. भाऊ, तुमी लय फिरस्ते. घरं किती बदलले?"

"एकबी नाही. मी त्याच घरात बसून आहो. राज्यंच येऊन जाऊन राहिले."

"आन् वरतून नाव पंजाबराव. आनखी एक राज्य!"

"साहेब, सन छप्पनपरेंत सारं वऱ्हाडच मध्य प्रदेशात होतं. साऱ्याइचंच तसं."

"साऱ्याइचं मले सांगू नका. मी पक्का अकोल्याचा. जन्मापासून."

"सर, तुमचा जन्म कोन्त्या सालचा?" खुशीनं विचारलं.

"चोपनचा," सचिव म्हणाले, आणि त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं.

पदाधिकारी जन्मानं महाराष्ट्राचाच हवा, हा नियम गेल्या वर्षी त्यांनीच करून घेतला होता. एका विरोधकाला पाडायला. त्यांनी घाईघाईनं घरी फोन लावला.

"अवो, माहा जन्माचा दाखला पाहा बरं. काहून म्हंजे? पाहा म्हनतो नं! आन् कोनाले दाखवू नका."

"साहेब, आमचं?" पंजाबरावांनी विचारलं.

"थांबा हो जरासे!"

पाच वाजले. शिपायानं खिडक्या लावल्या. सचिव फोनवरून घरातलं एकेक कपाट उघडायला लावत होते. खुशीचा अर्ज त्यांच्या कोपराखाली होता. त्यावर सही व्हायची राहिली होती.