कीबोर्डची खंडेनवमी

राखेनं घासलेला कोयता.

रामनगरात बाबुराव शेटच्या दुकानात नवाकोरा कॉम्प्युटर, अजून झाकलेला.

झेंडूची फुलं.

एकोणपन्नास वर्षांचा मारुती, पहाटेच दाढी करून बसलेला.

या चार गोष्टींचा एकमेकांशी काहीएक संबंध नव्हता. तो मारुतीच्या बायकोनं, देवकीनं लावला.

मारुती जोयड्याला कचेरीबाहेर टाइपरायटर घेऊन बसायचा. उभा जन्म लोकांचे अर्ज बडवण्यात गेला. पण १९९४ साली लोकांना कॉम्प्युटरचा कागद हवासा झाला आणि त्याच्यासमोरचं बाकडं रिकामं पडलं. तेवढ्यात बाबुराव शेटनं कॉम्प्युटर मागवला. "दसऱ्याला चालवून दाखीव, नोकरी तुझी. न्हाईतर बेळगावचं एक पोरगं हाय," म्हणत त्यानं सरावाला कीबोर्ड घरी दिला. मारुतीच्या घरी वीज नव्हती. वायर तांदळाच्या पोत्यात खोचून तो बडवायचा. उत्साह असा, की जेवतानाही बोटं ताटाच्या काठावर चालायची.

मग आली खंडेनवमी. घरातलं प्रत्येक हत्यार धुऊन पूजेला लागलं, कीबोर्डसुद्धा. पूजलेल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, म्हणून मारुतीनं सराव आवरला.

दसऱ्याला सकाळी तो फडक्यातलं गाठोडं घेऊन धावत निघाला.

"अवो," देवकी मागनं ओरडली, "बटनं लई मळली हुती. एकेक उपटून घासली!"

"ब्येस केलंस!"

"आनि इस्कटल्याली हुती, ती ओळीनं लावली!"

"ब्येस!" मारुती बसमध्ये चढलासुद्धा.

दुकानात शेटनं फडकं सोडलं. कीबोर्डावर हळद, कुंकू, वर झेंडू.

"आरं, नवरी आणलीस काय? थांब, पयल्यांदा मी. अक्षर बघून दाबायचं, त्यात काय एवढं?" शेटनं एका बोटानं स्वतःचं नाव दाबलं. पडद्यावर उमटलं डब्ल्यू, क्यू, डब्ल्यू, एक्स.

मारुतीनं खाली पाहिलं. ए, बी, सी, डी... सगळी अक्षरं पहिलीच्या पोरांसारखी रांगेत बसली होती. देवकीचं सकाळचं बोलणं आत्ता कुठं त्याच्या कानात शिरलं.

"चालीव की," शेट म्हणाला. "का बोलवू बेळगावच्याला?"

मारुतीनं बोटं ठेवली. बटणं बघितली की बोट अडायचं. शेवटी त्यानं डोळे गच्च मिटले. बोटं टाइपरायटरच्या सवयीनं आपल्या जुन्या जागी गेली आणि धो धो धावली. पडद्यावर दुकानाचं नाव, शेटचं नाव, गावाचं नाव, एक चूक नाही.

शेटचे हात आपोआप जोडले गेले. "मारुती, अंगात आलंय काय रं?" त्यानं पुन्हा दाबून पाहिलं. पुन्हा डब्ल्यू, क्यू. "न्हाई बाबा. ह्ये तुझ्याच हाताला ऐकतंय. उद्यापास्नं ये."

"व्हय, येतो की!"

"पर बटनावरचं कुंकू तरी पुसू?"

"नगं शेट!" मारुती कीबोर्डावर आडवाच झाला. "पूजा केल्याली हाय. बटनास्नी हात लावू नगा."

ए, बी, सी, डी देवकीला मारुतीनंच शिकवली होती, लग्नाच्या पहिल्या वर्षी, चुलीपुढं राख पसरून.