गिरडकरांचं नाक

गिरडकर पार्सलांचा वास घेत. टपालखात्याच्या नियमांत तशी तरतूद नाही, मनाईही नाही. इतवारीच्या आमच्या पोस्टात त्यांची खिडकी माझ्या शेजारी होती, त्यामुळे नऊ वर्षं मी हा प्रकार पाहिला. पार्सल उचलायचं, डोळे मिटून नाकाशी धरायचं आणि निकाल द्यायचा. "हिंग." "चामड्याच्या चपला." "पुस्तकं हायेत, भिजलेली." कधी चुकले नाहीत.

एका वासाला मात्र त्यांचा चेहरा बदलायचा. तेव्हा नागपुरात टीव्ही यायचा होता, आणि वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर पिळदार मिशांचे वैद्य गमावलेलं पौरुष एकवीस दिवसांत परत देण्याची हमी देत. औषध व्ही.पी.नं येई, खिडकीवर पैसे भरून सोडवायचं. साधा खाकी कागद, आत काय ते कुठेही लिहिलेलं नाही. पण गिरडकरांच्या नाकापुढे खाकी कागदाची काय कथा! "मुसळी, जायफळ, तूप, साखर," असं पुटपुटत ते पार्सल बाजूला ठेवत, न्यायला आलेल्याला बाकावर बसवत आणि जेवणाच्या सुटीत समोरच्या टपरीवर नेत. मीही चहाला असे.

"काहून गा, लग्न कधी झालं?"

"दिवाळीले दोन वर्षं होतीन."

"सकाळी उठतानी ठीक राह्यते का?"

तो गृहस्थ चहात बघे. "राह्यते."

"मंग इंजन चांगलं हाय. डायवर भेऊन राहिला. मोठ्या दवाखान्यात जाय, डॉक्टरले सरळ सांग. अन् पहिले लघवी तपासून घे."

मग परत येऊन पार्सलावर स्वतःच्या हातानं लिहीत: 'घेण्यास नकार'. पोस्टात याला 'गिरडकरांचा गुप्त दवाखाना' म्हणत. दुसऱ्याच्या लाजेत बोट घालून बघायची काहींना हौस असते, त्यातलेच हे, असं माझं मत होतं. ते मी एकदा बोलूनही दाखवलं.

"इलाज हाय, भाऊ," ते शांतपणे म्हणाले. "पण पाकात नाही."

शेवटी लकडगंजच्या एका लाकूडव्यापाऱ्यानं तक्रार केली. त्यानं ना नकार दिला होता, ना गिरडकरांचा चहा घेतला होता; पार्सल मात्र परत गेलं होतं. वरून मेमो आला: खुलासा करा.

"तुमचं अक्षर चांगलं हाय. मी सांगतो, तुम्ही लिहा," गिरडकर म्हणाले.

मी 'गैरसमजातून' या शब्दानं सुरुवात केली. त्यांनी तो खोडायला लावला आणि सांगितलं: "सदर औषध मी स्वतः अकरा वर्षे घेतले. गुण आला नाही. पुढे दवाखान्यात मधुमेह निघाला. औषध साखरेच्या पाकात होते. लवकर आला असता तर उपाय सोपा होता, असे डॉक्टर म्हणाले. आपला नम्र."

माझा टाक थांबला. "वहिनींना माहीत आहे?"

"तिलेच माहीत हाय. माही माय तिले वांझ म्हणे. तिनं उपास केले, मायनं देल्ले ते काढे पेली, पण कोनापाशी बोलली नाही. मायबी गेली. मी तरी कुठं बोललो?"

पोस्टमास्तरांनी खुलासा वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. असला कागद फायलीला लावायचा कसा, हा त्यांच्यापुढचा खरा पेच. गिरडकरांची वेतनवाढ थांबली, खिडकी गेली आणि मागच्या खोलीत शिक्के मारायचं काम मिळालं. तिथं नाकाला शाईखेरीज काही नाही.

त्याच महिन्यात आमच्या मुलीचं बारसं होतं. गिरडकर आमच्याच गल्लीत राहत. बायकोनं बोलवायच्या बायकांची यादी केली. गल्लीतल्या सगळ्या होत्या, गिरडकरांच्या सुलोचनावहिनी नव्हत्या. त्यांना बारशाला कोणीच बोलवत नसे. समाजसुधारणेवर मी बरंच वाचलेलं आहे. ही यादीही मी वाचली होती.

आदल्या दिवशी गिरडकर दारात आले. आत या म्हटलं तरी येईनात.

"वैनी," ते माझ्या बायकोला म्हणाले, "उद्या आमच्या घरचीले बोलवा जी. पाळण्यापाशी बसू द्या. दोष तिच्यात नाही, माह्यात हाय. सांगाले उशीर झाला."

बायकोनं हात पुसले, कुंकवाचा करंडा घेतला आणि त्यांच्याआधीच त्यांच्या घराकडे निघाली.

बारशाला सुलोचनावहिनी पाळण्याच्या दोरीशी बसल्या. गाणी त्यांना येत नव्हती. दोरी मात्र त्यांनी कोणाला दिली नाही. आम्ही दोघं बाहेर ओट्यावर होतो. आतून धुराचा वास आला. गिरडकरांनी सवयीनं डोळे मिटले, मान वर केली. मी निकालाची वाट पाहत राहिलो.

"भाऊ," त्यांनी विचारलं, "हा कशाचा वास हाय जी?"

"वेखंड, बाळंतशेपा. बाळाला धुरी देताहेत."

"असं का," ते म्हणाले, आणि पुन्हा डोळे मिटून घेतले.