मोठा आ आणि रॉकचा ऱ्हास

गायकाचा पुढचा दात तालमीत माइकवर आपटून अर्धा तुटला, तोही नेमका कार्यक्रमाच्या दिवशी. संध्याकाळी सातला मंचावर उभं राहायचं होतं. दुपारी तीनला तो दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत आडवा झाला. माप घेऊन तात्पुरती कॅप बसवायची, तासाभराचं काम. डॉक्टरांनी सहज विचारलं, "करता काय आपण?"

"रॉक बँडमध्ये गातो."

डॉक्टरांचा हात थबकला. असा माणूस तावडीत सापडावा म्हणून ते किती वर्षं थांबले होते!

"रॉक? अहो, ते मेलं की! आमच्या कॉलेजच्या दिवसांत होतं ते रॉक. आता नुसती बटणं दाबतात."

"डॉक्टर, मला एक सांगू—"

"आ करा."

गुलाबी लगद्याने भरलेला ट्रे वरच्या दातांवर गच्च बसला. "तीन मिनिटं हलायचं नाही," असं बजावून डॉक्टरांनी विषय मुळापासून हाती घेतला.

"पहिली दहा वर्षं बंड होतं. पुढची दहा गिटार होती. त्यापुढची दहा निदान केस तरी होते. आता काय आहे?"

चाळिशीतच टक्कल पडलेल्या गायकाने बोट वर केलं. "आँ! आँ आँ!"

"झोंबलं ना? झोंबणारच!" डॉक्टरांनी दोन चिमटे उचलले. "ड्रम कसे वाजवायचे, ऐका." स्टीलची ताटली, दिवा, पाण्याचा ग्लास, सगळ्यांची पाळी आली.

मदतनीस ताई दारातून म्हणाल्या, "डॉक्टर, तुमच्या तीन मिनिटांचे बारा वाजले."

डॉक्टरांनी ट्रे ओढला. ट्रेऐवजी गायकच वर आला. ताईंनी त्याचे खांदे दाबून धरले, डॉक्टरांनी पुन्हा ओढला. लगदा रबरासारखा आवळून बसला होता. हवा मारली, पाणी मारलं, ट्रे ढिम्म.

"कापून काढावा लागेल," डॉक्टर म्हणाले, "पण मुद्दा सोडायचा नाही."

गायकही इरेला पेटला. त्याने खुणा करून कागद-पेन मागितलं. 'मी' एवढं लिहून होतंय तोच डॉक्टरांनी पेन काढून घेतलं आणि त्याच कागदावर रॉकच्या घसरणीचा आलेख काढला. रेघ कागदाबाहेर जाऊन गायकाच्या शर्टावर उतरली.

तुकड्या-तुकड्यांनी ट्रे निघाला, पुन्हा माप झालं, कॅप बसली. सहाला वीस मिनिटं कमी होती. गायकाने जबडा दोनदा हलवून पाहिला.

"हं, बोला आता," डॉक्टर बाह्या सावरत म्हणाले. "मांडा तुमची बाजू."

"बाजू कसली? मीही तेच सांगत होतो. रॉक उतरणीला लागलंय, असं मी वीस वर्षं ओरडतोय. आम्ही फक्त जुनीच गाणी वाजवतो."

डॉक्टरांचा चेहरा उजळला. त्यांनी हात पुढे केला.

"थांबा," गायक खुर्चीतून उतरत म्हणाला. "आमच्या ड्रमरने चार नवी गाणी बांधलीत. दोन वर्षं मी त्याला नाही म्हणतोय. इथे अडीच तास पडल्या-पडल्या कळलं, त्या बिचाऱ्याला रोज कसं वाटत असेल. आज चारही होणार."

डॉक्टरांचा हात तसाच हवेत राहिला.

ताईंनी मात्र एप्रन काढून खुंटीला अडकवला आणि पर्स उचलली. "चला, मीही येते," त्या म्हणाल्या. "जुनं मी इथे रोजच ऐकते."