सोनबाजी आणि पानाचं मेण

सुरुवातीलाच माफी मागतो. आमच्या घराण्यात माझ्याआधी कागदावर कोणी काही उमटवलं असेल तर तो अंगठा. नागपूरच्या कॉलेजात दोन वर्षं काढली, म्हणून लगेच लेखणी उचलून दुसऱ्या माणसाविषयी लिहायला बसावं एवढी माझी पात्रता नाही, हे मला ठाऊक आहे. शिवाय ज्यांच्याविषयी लिहितो आहे त्या सोनबाजींना वाचता येत नाही. म्हणजे ते तक्रारही करू शकणार नाहीत. हे जरा भ्याडपणाचंच झालं. तरी लिहितो.

सोनबाजी जेवायला बसले की आधी पत्रावळीवर पाण्याचे थेंब टाकतात. परक्या माणसाला वाटतं, चित्राहुती घालत आहेत, आणि तो भक्तिभावाने हात जोडतो. सोनबाजींचा त्या घटकेला देवाशी काही संबंध नसतो. ते पानाची परीक्षा घेत असतात. थेंब गोळी होऊन घरंगळला तर पान पास. पसरला तर नापास.

स्वतःच्या पानापुरतं हे असतं तर कोणी काही म्हटलं नसतं. पण आमच्या गावच्या एका लग्नात पंगत बसली, भात वाढणारे परात घेऊन उभे राहिले, आणि सोनबाजी लोटा घेऊन पहिल्या पत्रावळीपासून निघाले. पळसाची पानं, सत्तर माणसं. प्रत्येक पानावर दोन थेंब.

"उचल हे. कोनंतरी ओल्या फडक्यानं पुसलं. याचं मेन गेलं."

नवरदेवाच्या मामाची पत्रावळ त्यांनी तीनदा बदलली. मामा आमगावकडचे, तापट आणि भुकेले.

"हे कोन होय बुवा?" त्यांनी शेजाऱ्याला विचारलं.

"पानाचा जमादार होय आमचा. जेवाचं असंन तं गप बसा."

वरण थंडगार झालं. पण एकाही पत्रावळीतून ते गळलं नाही, हे मान्य करायला हवं. कोणी केलं नाही.

सोनबाजींचं म्हणणं असं की देवाने प्रत्येक पानाला मेणाचा सदरा शिवून दिला आहे आणि माणसं तो पुसपुसून फाडतात. पहिला नंबर कमळाच्या पानाचा. पाणी त्याच्यावर पाऱ्यासारखं पळतं. मग रुई. मग एरंडाची दांडी, तिच्यावरची पांढरी भुकटी नखाने निघते. विड्या वळायच्या तेंदूच्या पानाबद्दल मात्र त्यांना आदर नव्हता. उन्हाळ्यात अख्खं गाव सालेकशाच्या जंगलात तेंदू तोडायला जायचं, तेव्हा हे घरीच. म्हणायचे, "ज्या पानाची जिंदगी धुरात जाते, त्याची काय परीक्षा घ्याची?"

माणसांनाही ते हाच नियम लावत. कोणी टाकून बोललं आणि एखाद्याच्या मनाला लागलं, की सोनबाजींचा निकाल तयार: "कच्चं पान होय. पानी थांबते त्याच्यावर." स्वतःवर कधी काही थांबत नाही, असा त्यांचा दावा होता.

मी पहिल्या वर्षाची परीक्षा देऊन गावी आलो तेव्हा माझ्या अंगात नवं ज्ञान मावत नव्हतं. पानाच्या वरच्या मेणकट पापुद्र्याला क्यूटिकल म्हणतात, हे मी सोनबाजींना त्यांच्याच अंगणात उभं राहून सांगितलं. त्यांच्यावर उपकार केल्याच्या थाटात.

"काय कल?" सोनबाजी म्हणाले.

"क्यूटिकल, काकाजी. पानाच्या आतलं पाणी उडून जाऊ नये म्हणून असतं ते."

"आतलं? अन् बाहेरचं पानी कोन अडवते? तुया मास्तर?"

मी म्हटलं, पुस्तकात आतल्या पाण्याचं लिहिलं आहे.

"पुस्तक कोरड्या खोलीत बसून लिहिलं असंन. त्याले एकदा आमच्या तलावात उभं कर म्हना."

ही गोष्ट मी आमच्या प्रोफेसरांना सांगितली नाही. मला पास व्हायचं होतं.

आता देवरामचं सांगायला हवं, कारण इथवर सोनबाजी नुसते विक्षिप्त होते. पुढचं जे झालं ते देवराममुळे. देवराम हा त्यांचा एकुलता मुलगा, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. त्याची आई तो लहान असतानाच गेली. सोनबाजींचं घराणं कोहळ्यांचं. आमच्या भागातले तलाव याच लोकांनी बांधले. मातीचा बांध कुठे घालायचा आणि पाणी कुठून सोडायचं, हे त्यांना सांगावं लागत नाही. जपानशी लढाई सुरू झाल्यावर सरकारला आसामच्या बाजूला रस्ते बांधायला माणसं हवी झाली. मातीकाम जाणणारा गडी म्हणून देवरामला मजुरांच्या पलटणीत लगेच घेतलं. तलावाची पाळ दुरुस्त करायचं काम अर्ध्यावर होतं. त्यावरून बाप-लेकांत आठ दिवस बोलणं नव्हतं. नवव्या दिवशी देवराम गाठोडं घेऊन पाया पडायला वाकला.

"जातो बाबा."

सोनबाजींनी पाय मागे घेतले. "जा. तुयावाचून तलाव नाही फुटत."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. देवराम गेला. त्या पावसाळ्यात तलाव खरोखर फुटला नाही. सोनबाजी रात्रंदिवस पाळीवर उभे होते, म्हणून.

श्रावणात देवरामचं पहिलं पत्र आलं. मी आजारपणामुळे गावीच होतो, आणि गावातला सगळ्यात जास्त शिकलेला माणूस म्हणून ते माझ्याकडे आलं. आसामच्या पावसातून निघून आमच्या पावसात पोचलेलं पत्र. वर "बाबास" एवढं वाचता येत होतं आणि खाली "देवराम". मधे नुसतं निळं आभाळ.

"मधलं वाच," सोनबाजी म्हणाले.

"काकाजी, मधलं धुऊन गेलं."

"मंग नागपुरात इतके दिस कायले घालवले बे?"

मी पत्र उन्हात धरलं, आरशापुढे धरलं, उलटं धरलं. शास्त्रशुद्ध शिक्षणाचा एवढाच उपयोग झाला. सोनबाजी माझ्या खांद्यावरून त्या निळ्या डागाकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, "रागात लिहिलं का सुधं लिहिलं, एवढं तं समजत असंन?"

तेही समजत नव्हतं. खोटं सांगावं असं मनात आलं, पण धीर झाला नाही.

त्या दिवसापासून सोनबाजींना एकच काम उरलं. देवरामला पत्र पाठवायचं, आणि ते कोरडं पोचवायचं. कागदाला पानाचा सदरा घालायचा. ते पहाटेपासून रुईची पानं खरवडायचे, एरंडाच्या दांड्या खरवडायचे, कमळाची पानं मडक्यात उकळायचे. दिवसभर खरवडून चिमूटभर भुकटी निघायची आणि ती शिंकेसरशी उडायची. गावातली एरंडाची झाडं उघडी पडली. बायका म्हणू लागल्या, म्हाताऱ्यावर कोणीतरी काही केलं. मी म्हटलं, काकाजी, मधमाशीचं मेण लावू, सोपं आहे.

"नको. ते चोरीचं होय. पानाचं मेन पान सोता बनवते."

महिनाभराने वाटीत बोटभर मळकट काहीतरी जमलं. मग मला पत्र लिहायला बसवलं. सोनबाजी पाय पसरून बसले आणि सांगू लागले: तलावात पाणी किती आहे. कमळं कोणत्या बाजूला वाढली. धान कसं आहे. पाटलाच्या बैलाने एरंड खाल्ला आणि त्याचं काय झालं, हे तपशिलाने. बैलाने अर्धं पान घेतलं. ज्या मुलाशी माणूस आठ दिवस बोलला नाही, त्याला बैलाच्या पोटाची इतकी खबर देणारा बाप मी दुसरा पाहिलेला नाही.

मी घाबरत विचारलं, "तुझी आठवण येते, असं लिहू का?"

"कागद कोन पुरवते तुले?"

"सुट्टी काढून ये, असं तरी?"

"नको. भरला कागद."

मागचं पान पूर्ण कोरं होतं.

मग मेण लावायचं. पितळेच्या लोट्यात निखारे भरून कपड्यांना इस्त्री करतात, तशी कागदाला करायची होती. भुकटी काही कागदावर बसेना. सोनबाजी आणखी निखारे आणायला चुलीकडे गेले, तेवढ्यात मी खिशातलं मधमाशीचं मेण काढून वाटीत मिसळून टाकलं. कॉलेजात शिकलेल्या माणसाने गावाच्या भल्यासाठी एवढं करायलाच हवं, असं मला वाटलं. मेण झकास पसरलं. सोनबाजींनी लोट्यातून दोन थेंब टाकले. ते टपोरे होऊन घरंगळले.

"पास," सोनबाजी म्हणाले. देवराम गेल्यापासून त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. खरं काय ते सांगायची वेळ तीच होती. मी सांगितलं नाही.

देवरीच्या पोस्टात त्यांनी ते पत्र कमळाच्या पानात गुंडाळून, वर दोरा बांधून नेलं. पोस्टमास्तर रायपूरकडचे होते.

"ये डाकखाना है बाबा, पान का ठेला नहीं."

"हे खाचं पान नोहे साहेब. वरतून हाये. आत चिठ्ठी हाये."

"तो ये पान हटाओ. टिकट किस पर चिपकाऊँ?"

हा प्रश्न सोनबाजींनी विचारात घेतला नव्हता. ज्याच्यावर पाणी ठरत नाही त्याच्यावर तिकीटही ठरत नाही. अर्धा तास त्या पोस्टात दोन शहाणी माणसं तिकिटाला थुंकी लावत बसली होती. शेवटी पान सोडलं, मेणाचा कागद घडी करून साध्या पाकिटात घातला आणि तिकीट त्याच्यावर गेलं. सोनबाजी परतताना सगळ्या वाटेने पोस्टमास्तरांना शिव्या देत होते. मला त्यांच्याबद्दल सहानुभूती वाटत होती. म्हणजे पोस्टमास्तरांबद्दल.

मी नागपूरला परत गेलो. देवरामचं उत्तर आलं ते माझ्याच नावावर, होस्टेलवर. पाकिटावर पाठवणारा म्हणून मी माझंच नाव आणि होस्टेलचा पत्ता घातला होता. दिवाळीच्या सुट्टीत मी ते घेऊन गावी गेलो आणि सोनबाजींना वाचून दाखवलं. ते असं होतं:

"किसन, बाबाचं पत्र भेटलं. आमची पत्रं साहेब उघडून पाहते. त्यानं हे आठ दिवस ठेवलं. दिव्यावर धरलं, वाफेवर धरलं. त्याले वाटलं, यात सरकारविरुद्ध काही गुपित हाये. मग मले बोलावलं. कागद घडीतल्या घडीत चिपकून गेला होता. सोडवला तं शाई मेनासंगं निघून आली. एक अक्षर लागलं नाही. साहेब म्हने, हे काय होय? म्या सांगतलं, साहेब, हा आमचा बाप होय. किसन, इतकं खरवडाले त्याले किती दिवस लागले असन, मले माहीत हाये. मी रागात नाही, त्याले सांग. रजा मागतली हाये. भेटली तं येतो."

मी थांबलो. सोनबाजी जमिनीकडे बघत होते.

"चिपकला?" ते म्हणाले. "पानाचं मेन चिपकत नाही."

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला सगळं कबूल करावं लागलं. त्यानंतर ते जे बोलले त्यातलं छापण्याजोगं एवढंच: "अन् हा म्हने कॉलेज शिकून राहिला!"

"पण काकाजी, देवराम येतो म्हणतो."

"येते तं येवो. नाही तं नको येवो. मी काय त्याले बोलावून राहिलो?" आणि लोटा उचलून ते तलावाकडे चालते झाले. मला वाटलं, हा माणूस काही वेगळ्याच मातीचा आहे. त्याच्यावर खरंच काही थांबत नाही.

नागपूरला मी ही गोष्ट खाणावळीत रंगवून सांगत असे. बैल, पोस्टमास्तर, साहेब, सगळं. मुलं पोट धरून हसायची आणि मी त्यांच्यापेक्षा जास्त हसायचो. परवा आमच्या गावच्या शाळेतल्या गुरुजींचं कार्ड आलं, आणि त्यानंतर ती गोष्ट मला तशी सांगता येईना, म्हणून ही इथे लिहिली. गुरुजींनी लिहिलं आहे:

"चि. किसन यास आशीर्वाद. सोनबाजी बारा दिवस गावातून नाहीसे झाले होते. लोकांनी तलावात गळ टाकून पाहिले. शेवटी सालेकसा स्टेशनवर सापडले. आसामच्या बाजूची, रायपूरकडून येणारी प्रत्येक गाडी उभे राहून पाहत, गाडी गेली की खाली बसत. कोणाची वाट पाहता, असे स्टेशनमास्तरांनी विचारले, तेव्हा म्हणाले, 'कोनाची नाही. आमच्या गावात गाडी नाही, म्हनून पाहून राहिलो.' तेराव्या दिवशी दुपारच्या गाडीने देवराम उतरला."