किसनभाऊंच्या घरात काही वाजायचं नाही

कुरवंड्यात किसनभाऊंच्या घरी गाणं ऐकायला जायचं तर आधी उंबऱ्याबाहेर झडती होते. किल्ल्या, सुटे पैसे, मोबाइल सगळं चपलांशेजारी ठेवायचं. कमरेच्या पट्ट्याचं बक्कल खुळखुळत असेल तर पट्टासुद्धा. मी लोणावळ्याच्या शाळेतला निवृत्त मास्तर, त्यांचा शेजारी. पण एका हाताने विजार सावरत मी ते गाणं किती वेळा ऐकलं असेल त्याला गणती नाही. गोठ्यातल्या शेळीच्या घुंगरात चिंधी कोंबलेली असते. भाऊंच्या पत्नी गोदामावशी हात पदरात गुंडाळून कोपऱ्यात बसतात, कारण त्यांच्या हातात बांगड्या आहेत.

"वाजनारं काय बी आत न्हाई. हलायचं न्हाई, खोकायचं न्हाई," असं भाऊ दारातच बजावतात. फौजेतली हवालदारी सोडून त्यांना जमाना झाला, पण आवाज अजून परेडच्या मैदानातलाच आहे.

एवढ्या जामानिम्यानंतर लागते ती एकच तबकडी. भाऊंच्या आईच्या जात्यावरच्या ओव्या. पन्नासएक वर्षांपूर्वी शहरातून कुणी अभ्यासक मशीन घेऊन गावात आले आणि त्यांनी आईला जात्यावर बसवून गाणं भरून घेतलं, त्याचीच ही तबकडी. जात्याच्या खुंट्याला समोरून दुसरा हात होता गोदामावशींचा. त्या तेव्हा नव्या नवरी होत्या. तबकडी वाजते ती एका बंगलेवाल्याने जाता जाता दिलेल्या जुन्या रेकॉर्ड प्लेअरवर.

तबकडी संपली की भाऊ विचारतात, "काय ऐकलं?"

मी आईच्या आवाजाची तारीफ करून पाहिली. जात्याच्या घरघरीची केली. एकदा तर अर्थच सांगायला लागलो. दरवेळी भाऊ माझ्याकडे टोपी वाकडी घातलेल्या रंगरुटाकडे बघावं तसे बघत आणि म्हणत, "मास्तर, कान लांब करा."

गेल्या महिन्यात उंदराने घात केला. सुईच्या दांड्यापासून निघून आवाज स्पीकरच्या पेटीपर्यंत नेणारी वायर त्याने कुरतडून टाकली. भाऊ त्या दिवशी जेवले नाहीत. मग माझ्या भाच्याने पुण्याहून दोन वायरी पाठवल्या, एक जाडजूड, वरून विणलेली; दुसरी अगदी बारीक, पाहूनच गरीब वाटावी अशी. निवड करायला मला बोलावणं आलं. मी पट्टा काढला.

आधी जाड वायर लागली. काय सांगू, घर एकदम निर्मळ झालं. कुठे खरखर नाही, गुणगुण नाही; आई जणू ओसरीवर बसून गातेय. मी मान डोलवली, तीही बेताने.

"हीच ठेवा," गोदामावशी घाईने म्हणाल्या.

डोळे मिटून भाऊंनी तीच ओवी पुन्हा लावली, पुन्हा ऐकली. चेहरा उतरत गेला. मग ती वायर काढून त्यांनी बारीक जोडली. पेटी भुंगा शिरल्यासारखी घुमायला लागली. आता ही वायर खिडकीतून बाहेर जाणार, असं मला वाटलं. पण भाऊंनी बोट वर केलं.

"आली."

"अहो भाऊ, केवढी घूं घूं येतेय."

"येऊ द्या. आईची ओळ संपली की जातं वळतं, तितं ऐका."

मी श्वास धरला. ओळ संपली, जातं वळलं, आणि त्या वळणावर काचेच्या बांगड्या किणकिणल्या. अगदी हलक्या. पुढच्या फेऱ्याला पुन्हा. इतकी वर्षं मी ह्या आवाजासमोर विजार धरून बसलो होतो आणि मला तो ऐकू आला नव्हता.

मावशींनी मान खाली घातली. "त्योच माझा घोटाळा, मास्तर. सायब म्हनला, बांगड्या काढा, मशिनीत वाजत्यात. सासूबाई म्हनल्या, नव्या नवरीचा चुडा उतरायचा न्हाई, पायजे तर मशीन न्या. अन् त्यांच्या एवढ्या गान्यात माझी किनकिन बसली. जाड वायरीत ती मरती, म्हनून म्हनलं तीच ठेवा."

भाऊ सुईवरची धूळ फुंकत होते. फुंकून झाली तरी फुंकत राहिले.

"अंगाची हळद निघायच्या आत मला पलटनीची तार आली," ते म्हणाले. "सुट्टी मिळून घरी आलो तवा कामात एकेक बांगडी वाढून गेलती. हातात दुसऱ्याच आलत्या. नवी नवरी घरात वावरताना कशी वाजती, ते मला घावलंच न्हाई. ह्या तबकडीत तेवढं हाय."

हवालदाराचा आवाज इतका खाली उतरलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

"इतक्या वर्सांत बोलला न्हाईत," मावशी म्हणाल्या.

"तू समोरच बसतीस की. मला वाटलं, तुला ठावं हाय."

मावशींनी पदरातून हात बाहेर काढले आणि डोक्यावरचा पदर सारखा केला. बांगड्या चांगल्या खणखणीत वाजल्या. मी भाऊंकडे पाहिलं. भाऊ त्या हातांकडेच बघत होते.

"लावा पुन्यांदा," मावशी म्हणाल्या.

भाऊंनी सुई उचलली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मास्तर, तुमी आता पट्टा घाला."

मी बाहेर आलो, पट्टा बांधला, चपला हातात घेतल्या. किल्ल्या मुठीत घट्ट धरल्या आणि वाजू न देता घरी आलो.