देवरुखातला समुद्र

विनीत मयेकरच्या हक्काची एक रात्र मार्चअखेर बुडणार होती आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता. बँकेतल्या मित्राच्या आग्रहाखातर त्याने वर्षापूर्वी प्रवासाचं क्रेडिट कार्ड घेतलं होतं. मित्राचं टार्गेट पूर्ण झालं, कार्ड पाकिटात जाऊन बसलं आणि विनीतने त्यावर आजवर गाडीत पेट्रोल भरण्यापलीकडे कुठलाही प्रवास केला नाही. त्या रविवारी सकाळी मोबाइलवर मेसेज आला, की आपली वर्षाची मोफत हॉटेल-रात्र अजून शिल्लक आहे. विनीतने चहाचा कप बाजूला ठेवला आणि अटी वाचायला घेतल्या. विमा कंपनीच्या क्लेम खात्यात तो बारीक अक्षरांवरच पगार घेत होता. फरक इतकाच, की तिथे ती लोकांना काही न देण्यासाठी वाचायची असत.

"दिशा, ऐक," त्याने स्वयंपाकघराकडे तोंड करून सांगितलं. "दोन माणसांना एक रात्र. सकाळचा नाष्टा. रिकामी असेल तर वरच्या दर्जाची खोली. दुसऱ्या दिवशी चारपर्यंत खोली सोडायची नाही. वर खाण्यापिण्यासाठी वेगळी रक्कम, ती तिथेच संपवायची. उरली तर गेली."

दिशा घावणे घालत होती. "स्वयंपाक कोण करणार?"

"तेच करणार."

"आणि भांडी?"

"तीही त्यांचीच."

दिशाने गॅस बंद केला आणि ती बाहेर येऊन बसली.

मयेकरांच्या घराण्यात हॉटेलात राहायची पद्धत नव्हती. ज्या गावात नातेवाईक आहे तिथे हॉटेलात उतरणं म्हणजे त्या घराशी संबंध तोडल्याची जाहीर नोटीस, आणि मयेकरांचे नातेवाईक नाहीत असं गाव शोधूनही सापडलं नसतं. लग्नानंतरचं फिरणंसुद्धा कोल्हापुरात मामांकडे झालं. तिथे दिशाने नव्या नवलाईत मामींना ढीगभर पुऱ्या लाटून दिल्या. पुढे पुण्याला चुलतदिरांकडे तिने पोह्यांचे डोंगर केले, गोव्याला मावशींकडे बांगडे साफ केले. तिने बराच प्रदेश पाहिला होता, पण सगळा स्वयंपाकघराच्या खिडकीतून.

विनीतने हॉटेलांची यादी उघडली. उदयपूर, मुन्नार, दार्जिलिंग. मार्चअखेर विमा कंपनीत रजा मागणाऱ्याकडे लोक काळजीने बघतात, त्यामुळे शनिवारी जाऊन रविवारी परत येण्यासारखं काहीतरी हवं होतं. रत्नागिरीहून तसं हॉटेल यादीत एकच होतं. मालगुंडचं.

अडचण एकच होती. मालगुंडला गंगाआत्या राहत होती.

गंगाआत्या विनीतची सख्खी आत्या. विनीतच्या सगळ्या मे महिन्याच्या सुट्ट्या तिच्या अंगणात गेल्या होत्या. काका बोटीवर असायचे, मूलबाळ नव्हतं, त्यामुळे तिचा सगळा जीव या भाच्यावर. काका गेल्यावरही ती एकटीच तिथे राहिली होती. ओले काजू ती अजून सोलून पाठवायची. तिला कळलं तर ती भांडली नसती. ती गप्प झाली असती आणि तेच वाईट होतं. मागे एक पुतण्या शेजारच्या गणपतीपुळ्याला दर्शनाला येऊन लॉजवर उतरला, तेव्हापासून तिने त्याचं नाव घेतलेलं नव्हतं. विषय निघालाच तर ती त्याला 'तो भाविक' म्हणायची.

"राहू दे मग," विनीत म्हणाला.

"जायचं," दिशा म्हणाली. "अहो, मला एक दिवस नुसतं आडवं पडायचंय. कुणीतरी येऊन विचारायला हवं, अजून काही आणू का, आणि मी म्हणायला हवं, काही नको. बस."

दिशाने कधी काही मागितल्याचं विनीतला आठवेना, आणि हे आठवत नाही याचीच त्याला जरा लाज वाटली. त्याने बुकिंग करून टाकलं.

शनिवारी दुपारी शेजाऱ्यांना आणि ओळखीच्यांना देवरुखला, म्हणजे समुद्रापासून दूर, डोंगराकडे असलेल्या दिशाच्या माहेरी जातो असं सांगून दोघे निघाले. मालगुंडात शिरल्यावर विनीतने टोपी डोळ्यांपर्यंत ओढली आणि आत्याचं घर चुकवायला मागची वाट धरली. गाडी त्याने हॉटेलच्या पार मागे, पाण्याच्या टाकीआड लावली. तिच्या मागच्या दाराला आत्याच्याच दगडी गडग्यावर आपटून पोचा पडला होता, आणि तो पोचा आत्या अंधारातही ओळखायची.

काउंटरवर आरोही नावाची हसतमुख मुलगी होती. तिने आधार कार्ड पाहिलं. "रत्नागिरीहून इथे राहायला आलात? रत्नागिरीचे लोक संध्याकाळी समुद्र बघून परत जातात, म्हणून विचारलं. इथे कोणी ओळखीचं आहे का?"

"कोणी नाही," विनीत घाईने म्हणाला. "मालगुंड आम्ही पहिल्यांदाच बघतोय."

"मग खालची बागेकडची खोली देते. छान आहे."

इथे विनीतमधला क्लेमवाला जागा झाला. "वरच्या दर्जाची खोली रिकामी आहे का?"

"आहे, पण..."

"मग अटींप्रमाणे ती द्यावी लागते."

आरोहीने ती दिली. वरच्या मजल्यावर, मोठी गॅलरी, समोर समुद्र. विनीत विजयी मुद्रेने गॅलरीत गेला आणि गेला तसाच मागे सरकत आत आला. हॉटेल आत्याच्या घराजवळ आहे हे त्याला ठाऊक होतं, पण वरून इतकं थेट दिसेल हे ध्यानातच आलं नव्हतं: डावीकडे, केवड्याच्या कुंपणापलीकडे, आत्याचं अंगण होतं. त्यात आत्या काजूच्या बिया वाळत घालत होती.

"पडदा ओढ," तो खालच्या आवाजात म्हणाला.

"समुद्र दिसणार नाही मग."

"दिसायला नकोच आहे. आपण आत्याला दिसू."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पडद्याच्या फटीतून त्याला दिसलं, की अंगणातल्या आत्याने फोन कानाला लावलाय.

"काय रे बाबू, कुठे हायस?" आत्याचा आवाज फोनमधून आला आणि थोडा खिडकीतूनही. "उद्या या दोघं. ओल्या काजूची उसळ करत्ये."

"अगं, आम्ही देवरुखला आलोय. दिशाच्या माहेरी."

"होय काय? सगळी बरी ना?" आत्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. "देवरुखात समुद्राचा आवाज येतो काय रे?"

"पंखा आहे," विनीत म्हणाला. "मोठा."

"बरा पंखा हाय," म्हणत आत्याने फोन ठेवला आणि पुन्हा बियांकडे वळली. विनीतच्या कपाळावर घाम फुटला होता. दिशा मात्र त्या उंच, पांढऱ्याशुभ्र गादीवर आडवी होऊन छताकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं, की विनीतने घाबरायचं पुढे ढकललं.

आता खाली जेवायला जाण्यात धोका होता, तेव्हा जेवण खोलीतच मागवायचं ठरलं. विनीतने मेन्यू मांडीवर घेतला. सुरमई झाली, कोलंबी झाली, वडे झाले, सोलकढी दोनदा झाली, तरी कार्डाची रक्कम संपेना.

"पुरे झालं," दिशा म्हणाली. "एवढं खाणार कोण?"

"खायचा प्रश्न नाही. उरलं तर ते बुडतं." त्याचं बोट मेन्यूच्या शेवटच्या ओळीवर थांबलं. उकडीचे मोदक. त्याने हिशोब जुळवला, खाली फोन केला आणि एकवीस मोदक सांगितले.

"एकवीस?" आरोहीने विचारलं. "सर, तयार एवढे नसतील. पण आमच्या मोदकवाल्या आजी अगदी जवळच राहतात. सांगते त्यांना, तासादीडतासात देतील."

"सांगा," विनीत उदारपणे म्हणाला. गावातल्या एका आजींना आपल्यामुळे चार मोदक जास्त करायला मिळतात, याचं त्याला बरंच वाटलं. आपण हॉटेलला मोदक पुरवतो हे गंगाआत्याने त्याला फोनवर दोनदा सांगितलं होतं. दोन्ही वेळा तो 'हो, हो' म्हणत मॅच बघत होता.

दिवेलागणीला जेवण आलं आणि त्यामागोमाग दार पुन्हा वाजलं. विनीत न्हाणीघरात अडकवलेला पांढरा झगा घालून बसला होता, कारण तीही एक सोय होती आणि न वापरता सोडणं त्याला जमलं नसतं. त्याने दार उघडलं. बाहेर स्टीलचा डबा घेऊन गंगाआत्या उभी होती.

तिने भाच्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"एकवीस मोदक सांगणारा भुकेला माणूस कोण, म्हणून बघायला मीच आले," ती म्हणाली. "देवरुखात असले झगे घालतात काय रे?"

विनीत बाजूला झाला. आत्या आत आली आणि तिने डबा टेबलावर ठेवला. विनीतने मग कार्ड काढून दाखवलं, मेसेज दाखवला, मोफत रात्र म्हणजे काय, मार्चअखेर म्हणजे काय, सगळं दोनदा समजावलं. आत्या गप्पच. आता आपणही भाविक होणार, हे त्याला स्पष्ट दिसू लागलं.

"माझ्या घरात काय कमी पडला?" शेवटी आत्याने विचारलं. तिचा आवाज अगदी हळू होता.

"काही नाही पडलं," दिशा गादीवरून उठून तिच्यासमोर आली. "आत्या, यांना बोलू नका. मीच म्हटलं, जाऊ या. मला एक दिवस कुणाच्याच स्वयंपाकघरात जायचं नव्हतं. तुमच्याच असं नाही. कुणाच्याच."

बोलून झाल्यावर दिशाला रडू आलं. आत्या तिच्याकडे बघत राहिली आणि मग गादीच्या कडेवर टेकली.

"मग मला सांगायचंस ना गो बाय. मला तरी कुठे चुलीपाशी जायचं असतं? तुम्ही येणार म्हटलं की मी आदल्या दिवसापासून नारळ खवत्ये. तू आल्यावर मी तुला हाताशी घेत्ये, नायतर तुला वाटायचं, म्हातारी एकटी राबतेय. आणि तू बसत नायस, नायतर मला वाटायचं, सून बसून खातेय. दोघींनाही नको असतं, आणि दोघी राबतो."

दिशा डोळे पुसता पुसता हसली. विनीतचा जीव भांड्यात पडला.

आत्याने हाताने गादी दाबून पाहिली, मग दिव्याकडे पाहिलं. "हाटेल झाल्यापासून मागच्या दारानं येत्ये. पुढे काय असतं, बघितलं नव्हतं. माझ्या पडवीतून हा दिवा दिसतो. रोज वाटतं, कोण गो बाई लोळतेय तिथे."

"अगं मग जेव ना आमच्याबरोबर," विनीत आनंदाने म्हणाला. "भरपूर मागवलंय."

"जेवत्ये. आणि राहत्ये पण."

विनीत जरा घुटमळला. सवय वाईट असते. "राहा गं, पण आत्या, अटींमध्ये दोनच माणसं बसतात. तिसरं चालत नाही."

"दोनच ना?" आत्याने पाय वर घेतले. "मी नि ही. झाली दोन. तुला माझं घर हाय की. गावात नातेवाईक असताना हाटेलात राहू नये माणसानं."

विनीतने शेवटचा उपाय म्हणून खाली फोन लावला. कार्ड ज्याचं आहे तो मुक्कामाला हवाच असेल ना, असं त्याने जरा आशेने विचारलं.

"नाही सर, चेक-इनला तुम्ही होतात, तेवढं पुरतं," आरोही म्हणाली. "आणि गंगाआजी आमच्याच आहेत. त्यांचं आधार मी सकाळी घेते. बरं सर, तुमचं इथे ओळखीचं कोणी नव्हतं ना?"

विनीतने फोन ठेवला आणि कपडे बदलले. जेवण तिघांनी मिळून केलं. मग किल्ली तुळशीपाशी आहे, मांजरीला दूध दे, बिया आत घे आणि सकाळी उन्हात घाल, एवढ्या सूचना आणि पाच मोदक घेऊन तो केवड्याच्या कुंपणावरून आत्याच्या घरी गेला. लहानपणीच्याच खाटेवर तो आडवा झाला. खाट आखूड झाली होती, पण झोप लागली.

सकाळी विनीतने चूलघरात साखर शोधली, ती सापडली नाही, म्हणून गूळ घालून चहा केला आणि बिया अंगणात पसरल्या. ऊन कोवळं होतं. वर पाहिलं तर गॅलरीतला पडदा पूर्ण उघडा. दोन खुर्च्यांवर दोन पांढरे झगे बसलेले, समोर कपबश्या, आणि दोघींचे पाय कठड्यावर. आत्याला पाय वर करून बसलेलं त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. त्याला खूप बरं वाटलं.

फोन वाजला.

"काय रे बाबू, देवरुखात समुद्र दिसतो काय?"

"दिसतो, आत्या."

"मग त्याच्याकडे बघत बिया हलव जरा. आणि आम्ही चारपर्यंत येत नाय हो. ती अट मला त्या आरोहीनं सांगितली. उसळीचे काजू सोलून टोपलीत ठेवलेत, तुझं तू बघ."

विनीत काही बोलणार तोच फोनमधून आणखी एक आवाज आला. कुणीतरी अदबीने विचारत होतं, "मॅडम, अजून काही आणू का?"

"काही नको," दिशा म्हणाली. किती सावकाश म्हणाली.

विनीत फोन धरून तसाच उभा राहिला. एक कावळा बियांवर उतरला, तसा त्याने त्याला हाकलायला हात उंच करून जोरात हलवला. गॅलरीतल्या दोघींना वाटलं तो आपल्यालाच हात करतोय. त्यांनीही खुर्च्यांतून न उठता हात हलवले.