गेनूला ऐकू आलेल्या आवाजाबाबत

या माउली, असे जवळ या. भिंतीला टेकून बसलेल्यांनीही जरा पुढे सरकावं, कारण ही गोष्ट कानांची आहे, लांबून सांगण्यासारखी नाही. चाकणच्या पट्ट्यातला एक कॉम्प्युटर काहीतरी म्हणाला आणि ते ऐकल्याबद्दल एका माणसाला नोटीस मिळाली, त्याची ही हकिकत. ऐकून पुण्य लागेल अशी हमी देता येत नाही; वेळ मात्र बरा जाईल.

देवाने माणसाला डोळे दिले, त्यांवर पापण्या दिल्या. तोंड दिलं, त्यावर ओठ दिले. कान मात्र उघडेच ठेवले. सृष्टीच्या आराखड्यात राहून गेलेली ही त्रुटी दुरुस्त करण्याचा मान आमच्या औद्योगिक पट्ट्याकडे जातो. त्रिदल प्रेस-पार्ट्स या कंपनीत (मुख्य रस्त्यापासून आत, जिथे ट्रक वळवायला जागा नाही तिथे) प्रत्येक माणसाच्या कानांत दोरीने जोडलेली दोन नारिंगी बोंडं असतात. त्यांना इयरप्लग म्हणतात. नियम स्वच्छ आहे: गेटच्या आत पाऊल पडल्यापासून बाहेर पाऊल पडेपर्यंत बोंडं कानांत असावीत. प्रेस शॉपमध्ये आवाज ब्याण्णव डेसिबल असतो, हे त्याचं कारण. ऑफिस, स्टोअर, कँटीन आणि गणपतीचा कोनाडा इथे तो तेवढा नसतो. पण शिस्त एकसंध असावी म्हणून तिथेही तोच नियम लागू आहे (मूर्ती वगळून).

या नियमाचे फायदे डोळ्यांना दिसतात. गेल्या दोन वर्षांत तक्रार निवारण समितीने ऐकून घेतलेल्या तक्रारी: शून्य. कामगारांमध्ये सुरू झालेली भांडणं: अकरा, शेवटापर्यंत गेलेली: एकही नाही, कारण शिवी पोचेपर्यंत जेवणाची सुट्टी होते. रोज सकाळच्या मीटिंगमध्ये प्लँटचे प्रमुख मालोजीराव साहेब पंधरा मिनिटं बोलतात आणि सेहेचाळीस माणसं मान डोलावतात. सेहेचाळीसही जण साहेबांशी सहमत आहेत असं पाहणीत आढळलं. कशाशी सहमत, हा प्रश्न पाहणीत नव्हता.

अशा या शांत घरात आमचा गेनू तीन वर्षं कंत्राटावर होता. चाकणपलीकडच्या वाडीतला, अंगाने किडकिडीत, डिस्पॅचमध्ये मालाच्या पेट्यांवर लेबलं चिकटवणारा. एकादशीला मात्र बुवांच्या मागे टाळ घेऊन उभा राहायचा. कीर्तनात टाळकऱ्यांकडे कोणी बघत नाही. बुवा चुकले तर लोकांना कळत नाही. टाळकरी चुकला तर बुवांना कळतं आणि मग ते सगळ्यांना कळवतात. गेनूवर ती वेळ कधी आली नव्हती.

चऱ्होलीच्या सप्ताहात इंद्रायणी नावाच्या एका मुलीच्या वडिलांनी त्याला पाहिलं आणि पोरगा मनात भरला. पोरीच्या मनात तो आधीच भरला होता, पण हे वडिलांना कोणी सांगितलं नव्हतं. बोलणी झाली, पोहे झाले, आणि वडिलांनी चहाची बशी खाली ठेवून विचारलं, "तालाला पक्का हाय, ते आमी पाह्यलं. पण कंपनीत पर्मनंट हाय का?"

"पुढच्या महिन्यात व्हईन," गेनू म्हणाला.

"मंग पुढच्या महिन्यात सुपारी फोडू."

हे बोलणं वाऱ्यावरचं नव्हतं. एकतीस कंत्राटी कामगारांतून एकाला एक तारखेला पर्मनंटचं पत्र मिळणार होतं. अट एकच: वर्षभरात सुरक्षा नियमांचं एकही उल्लंघन नको. चाळणी लागता लागता दोघे उरले होते, गेनू आणि त्याच्याच टेबलावर पेट्यांना पट्टी मारणारा नवनाथ. त्यातही गेनू जुना, म्हणून पत्र त्याचंच होतं. एक तारखेला तीन दिवस राहिले होते.

त्याच्या काही दिवस आधीच मालोजीराव साहेबांनी दुसऱ्या कुठल्याशा कंपनीच्या गेटवर मोठा टीव्ही पाहिला. त्यावर "सुरक्षा उल्लंघनाविना दिवस" असा आकडा झळकत होता. आपल्याकडे उल्लंघन नाही आणि ते दिसतही नाही, याचं साहेबांना वाईट वाटलं. टीव्ही आला. तो डिस्पॅचच्या जुन्या कॉम्प्युटरला जोडायचा ठरला, पण त्या कॉम्प्युटरला स्क्रीन जोडायची जागा एकच. म्हणून चाकणच्या बाजारातल्या सरफराजच्या दुकानातून नवं ग्राफिक्स कार्ड आणलं गेलं. बुधवारी सकाळी दहा वाजता, सिस्टिम बघणाऱ्या रविराजने हेल्मेट, गॉगल, हातमोजे आणि बोंडं अशा संपूर्ण साजात ते कार्ड आत बसवलं आणि बटण दाबलं.

पंखा फिरला. दिवा लागला. स्क्रीन काळी ती काळीच.

आता त्रिदलची पद्धत अशी की कॉम्प्युटरमधून लेबल निघाल्याशिवाय पेटीला लेबल नाही, लेबलाशिवाय पेटी ट्रकमध्ये नाही, आणि पाच वाजेपर्यंत ट्रक आकुर्डीला पोचला नाही तर तिथली असेंब्ली लाइन थांबणार. लाइन थांबली की ज्याचा माल अडला त्या प्लँटच्या प्रमुखाने तिथे जाऊन लाइन सुरू होईपर्यंत उभं राहायचं, असा रिवाज आहे. (साहेबांचे गुडघे दुखतात.) त्यामुळे चौकशी तातडीने आणि शास्त्रशुद्ध करण्यात आली. पाच वेळा "का" विचारलं की दोषाचं मूळ सापडतं, असं सगळ्या पट्ट्यात मानलं जातं. रविराजने फळ्यावर लिहिलं:

लेबल निघत नाही. का? स्क्रीन काळी आहे. का? कॉम्प्युटर सुरू होत नाही. का? ते माहीत नाही. का? कॉम्प्युटर काही सांगत नाही. का? स्क्रीन काळी आहे.

पाच "का" पूर्ण झाल्यामुळे विश्लेषण पूर्ण झाल्याचं जाहीर करण्यात आलं. मग स्क्रीन तीन वेळा बदलली, केबल पाच वेळा. काळ्या स्क्रीनचा फोटो "त्रिदल परिवार" या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, त्याला एकोणीस अंगठे आले. शेवटी रविराजने सरफराजला मेसेज केला. त्याचं उत्तर आलं, "बीप येतो का, भाई?"

"नाही. पूर्ण शांतता."

"नीट ऐका राव. किती वेळा वाजतंय ते सांगा."

"तिघांनी ऐकलं. काही वाजत नाही."

तिघांनी खरोखर ऐकलं होतं. कॉम्प्युटरला कान लावून, डोळे मिटून, बोंडं न काढता.

दीड वाजता तयार मालाला जागा उरली नाही, म्हणून प्रेस बंद करावे लागले. कारखाना सुरू झाल्यापासून पहिल्यांदा त्या छपराखाली शांतता पसरली. सुरक्षा अधिकारी तेजल मॅडम मीटर घेऊन फिरल्या. एक्केचाळीस डेसिबल भरले. त्याचा फोटो ग्रुपवर आला, खाली "सर्वांचे अभिनंदन". शांतता कशी असते हे मात्र कोणी ऐकलं नाही.

गेनू रिकाम्या पेट्या रचत होता. पेटीच्या पट्टीचं टोक त्याच्या गळ्यातल्या दोरीत अडकलं, हिसका बसला आणि डाव्या कानातलं बोंड टपकन बाहेर आलं. आधी बाहेरच्या ट्रकमधला रेडिओ ऐकू आला. मग जवळूनच एक बारीक, चिवट आवाज. टींऽऽऽ, टिं, टिं. थोडा थांबा. पुन्हा टींऽऽऽ, टिं, टिं.

गेनूचा हात बोंडाकडे गेला आणि वाटेतच थांबला. टाळकऱ्याचं मन तसलंच असतं. ठेका कानावर पडला की मोजल्याशिवाय राहत नाही. एक लांब, दोन आखूड. सात वेळा मोजलं, सातही वेळा तेच. बिघडलेली वस्तू अशी वाजत नाही, तिला ताल नसतो. हे कोणीतरी काहीतरी सांगत होतं.

"घाल की आत," नवनाथ पट्टी मारता मारता हळूच म्हणाला.

"तुला ऐकू येतंय?"

"धा वाजल्यापासून. माझी बोंडं सैल हायेत."

"मंग सांगितलं न्हाईस व्हय रं?"

"काय सांगू? ऐकलं म्हणून सांगू?" नवनाथने वर न बघता पट्टी ताणली. "तीन दिस ऱ्हायलेत भावा. सुपारी फोडायची ना?"

गेनूला चहाची बशी आठवली. मग घड्याळ दिसलं, तीन वाजायला दहा मिनिटं कमी. कॉम्प्युटर बिचारा सकाळपासून तेच ते म्हणत होता. एवढ्या वेळा एखादा माणूस हाक मारून गप्प बसला असता. गेनू उठला आणि रविराजच्या टेबलाशी गेला.

"साहेब, ते बोलतंय."

रविराजने मान डोलावली. गेनूने पुन्हा सांगितलं. रविराजने पुन्हा डोलावली. तेव्हा गेनूने टेबलावर तळहात लांबवर घासला आणि दोन टिचक्या मारल्या. पुन्हा घासला, पुन्हा दोन. रविराज शहाणा होता. त्याने तसंच सरफराजला लिहून पाठवलं. उत्तर यायला अकरा सेकंद लागले.

"कार्ड बसलं नाही! अंगठ्याने दाबा, खट्ट होईपर्यंत. सकाळपासून काय विचारतोय राव मी?"

रविराजचा अंगठा कॉम्प्युटरकडे निघाला, एवढ्यात दारात तेजल मॅडम उभ्या. त्यांची नजर गेनूच्या खांद्यावर लोंबणाऱ्या बोंडावर. त्यांनी स्वतःच्या एका बोंडाला बोट लावलं, जरासं सैल केलं (अधिकाऱ्यांना चौकशीपुरती ही सवलत आहे) आणि विचारलं, "काढलंत?"

"निघालं मॅडम."

"निघालं तर परत का नाही घातलंत?"

"ऐकत हुतो."

हे दोन शब्द नोंदवहीत जसेच्या तसे उतरले.

तिथून पुढे प्रकरण तिथल्या तिथे भरलेल्या सुरक्षा समितीकडे गेलं. समितीपुढचा प्रश्न वरवर वाटतो तितका सोपा नव्हता: नियम मोडून ऐकलेली गोष्ट कंपनीला ऐकू आली असं धरायचं का? तेजल मॅडमचं म्हणणं रास्त होतं. ती वापरली तर उल्लंघनाला बक्षीस दिल्यासारखं होईल. मालोजीराव साहेबांना त्यापुढचं दिसलं. "आज कॉम्प्युटरचं ऐकतील, मॅडम. उद्या एकमेकांचं ऐकायला लागतील." रविराजने मान डोलावली. ठराव एकमताने झाला: सदर आवाज झालाच नाही असे समजण्यात यावे, आवाज झालाच नसल्याने कार्ड दाबण्यास कोणतेही कारण उरत नाही. सह्यांसाठी पेन शोधायला माणूस गेला.

गेनूने पेनाची वाट पाहिली नाही. नोटीस तर येणारच होती, ती काही आता परत जाणार नव्हती. आणि तिकडे तो डबा अजून बोलत होता, ऐकणारे खोलीत दोघेच, त्यातला एक पट्टी मारत होता. गेनूने डब्याचं झाकण सरकवलं, बटण बंद केलं, नव्या कार्डावर अंगठा ठेवला आणि एकादशीचा शेंगदाण्याचा लाडू वळताना दाबावा तसं दाबलं. खट्ट. बटण लावलं. या वेळी एकच आखूड आवाज आला, बरं वाटल्यासारखा, आणि स्क्रीन उजळली. दोनशे चौदा लेबलं निघाली. ती गेनूने आणि नवनाथने मिळून चिकटवली. चारला पाच मिनिटं कमी असताना ट्रक गेटबाहेर पडला. आकुर्डीची लाइन थांबली नाही, साहेबांचे गुडघे वाचले.

अंतिम अहवाल आठ पानी आहे. मूळ कारण: कॉम्प्युटरमधील बीप करणारा स्पीकर, ज्याने कामगाराचे लक्ष वेधून त्यास उल्लंघनास प्रवृत्त केले. उपाय: चौदाही कॉम्प्युटरमधील स्पीकरच्या वायरी कापण्यात आल्या. लाभ: ध्वनिप्रदूषणात घट, मोजता न येण्याइतकी. या सुधारणेबद्दल रविराजला प्रमाणपत्र मिळालं. गेटवरचा टीव्हीही त्याच संध्याकाळी लागला. त्यावर उल्लंघनाविना दिवसांचा पहिला आकडा झळकला, शून्य. गेनूने बसवलेल्या कार्डामुळे तो फार ठसठशीत दिसत होता.

एक तारखेला पत्र नवनाथला मिळालं. त्याने पेढे आणले. गेनूने दोन खाल्ले. "वाईट वाटून घेऊ नगं," नवनाथ म्हणाला, आणि गेनूने खरंच घेतलं नाही, फक्त तिसरा पेढा नको म्हणाला.

त्या दिवशी सुट्टी झाल्यावर इंद्रायणीचा फोन आला. तिने सगळं ऐकून घेतलं. शेवटी विचारलं, "आवाज कसा हुता तो? करून दावा की."

गेनूने रस्त्याच्या कडेला उभं राहून करून दाखवला. टींऽऽऽ, टिं, टिं. ती हसली. मग म्हणाली, "आण्णा म्हणत्यात पुढच्या वर्षी बघू. आन् सांगवीचं एक स्थळ आलंय. बँकेतलं."

इथे तुमच्यातल्या काहींनी इंद्रायणीच्या वडिलांवर नाराजीने चुकचुक केली. चांगलं केलंत, माया आहे तुमच्या पोटात. पण गेनूसारखंच एक स्थळ उद्या तुमच्या मुलीला सांगून आलं, निर्व्यसनी, कष्टाळू, हाक मारली की धावणारं, तर तुम्ही चहाची बशी खाली ठेवून पहिलं काय विचाराल ते तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. त्याचं उत्तर "नाही" असं आलं, की त्यानंतर तो मुलगा काय काय बोलला यातलं एक अक्षर तुम्हाला आठवणार नाही.

विचारू नका असं मी म्हणत नाही. लेकीचा प्रश्न आहे, विचारा. फक्त संध्याकाळी देवापुढे दिवा लावाल, तेव्हा मागायचं ते सगळं मागून झाल्यावर, जमलं तर, गेनूची आठवण ठेवा.